आधी लिहिलेली सुट्टी

शहापूर तालुक्यातल्या त्या आश्रमशाळेला उन्हाळ्याची सुट्टी मे महिन्यात लागते, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण यंदा ती सुट्टी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच लिहून पूर्ण करायची आहे, असे मुख्याध्यापकांनी सकाळच्या परिपाठाला जाहीर केले, तेव्हा त्यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. त्या शाळेत बऱ्याच गोष्टी घडण्याआधी लिहिल्या जात. झाडे खड्डे खणण्याआधी लागत, मुलांची वजने काटा दुरुस्त होण्याआधी वाढत आणि पाहुण्यांची भाषणे पाहुणे येण्याआधीच अहवालात प्रेरणादायी ठरत. त्या मानाने सुट्टी ही किरकोळ बाब होती.

"दरवर्षी सांगतो, सुट्टीतली दैनंदिनी लिहा," मुख्याध्यापक म्हणाले. "जूनमध्ये अर्धी मुलं वही हरवून येतात आणि उरलेली अर्धी येतच नाहीत. तीस एप्रिलला तपासणी आहे. तपासणीला येणाऱ्या मॅडमना दैनंदिन्या दाखवायच्या आहेत. तेव्हा यंदा सुट्टी आधी लिहायची, मग भोगायची."

नववीच्या वर्गावर पष्टे सरांनी ही जबाबदारी शांतपणे पार पाडली. त्यांनी फळा पुसला, वर तारीख घातली आणि लिहिले : 'दिवस पहिला. आज मी मामाच्या गावाला गेलो. मामाने मला आमरस दिला.'

मागच्या बाकावरून बुधूचा हात वर आला. "सर, मला मामा नाय."

"मग काकाच्या गावाला जा."

"काका आमच्या शेजारीच ऱ्हातो."

"मग वाक्य तसंच ठेव," सर खडूची धूळ झटकत म्हणाले. "मामा नसला तरी त्याचे मार्क असतात."

अशा रीतीने पुढच्या तीन दिवसांत नववीच्या एकोणचाळीस मुलांना एकच मामा लाभला. त्या मामाने सगळ्यांना एकाच दिवशी आमरस दिला, एकाच दिवशी किल्ला दाखवला आणि एकाच दिवशी सगळ्यांना पाण्याचे महत्त्व पटवून दिले. हे वाक्य मुले उतरवून घेत होती, तेव्हा आवारात टँकर येऊन उभा राहिला होता. वाटेत तो भातसानगरच्या पाटीवरूनच आला होता आणि तिथल्या भातसा धरणाचे पाणी नेहमीप्रमाणे मुंबईला निघून गेले होते.

चाळिसावा मुलगा अजय. त्याला मामा मिळाला नाही, कारण त्याचे अक्षर सुंदर होते. शाळेतले सुविचार, सूचना, स्वागताचे फलक आणि दिवंगतांना वाहिलेली श्रद्धांजली हे सारे त्याच्याच हातचे असे. मुलगा अबोल, वर्गात त्याचा आवाज हजेरीपुरता ऐकू येई. सरांनी त्याला जवळ बोलावले.

"तू फळ्यावरचं उतरवू नकोस. मनानं लिही. तुझी वही गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायची आहे. तपासणीत वरची वही उघडतात, खालच्या मोजतात."

मनाने लिहायचे म्हटल्यावर अजयची पंचाईत झाली, कारण त्या आठवड्यात त्याच्या मनात काय चालले आहे ते त्याचे त्यालाच नीट कळत नव्हते. वसतिगृहात गाद्या गुंडाळून ठेवल्या जात होत्या. पत्र्याच्या पेट्या ओढल्याचा आवाज दिवसभर येत होता. मुले भिंतीवर कोळशाने दिवस खोडत होती आणि एक दिवस खोडला की उड्या मारत होती. अजयही त्यांच्याबरोबर हसे. पण आपल्याला वाईट वाटते आहे, हे सांगण्याची त्याला लाज वाटे. ज्या वरणात वर्षभर त्याने डाळ शोधली, तेच वरण आता त्याला एकाएकी मायेचे वाटू लागले होते. खिडकीजवळची ती खाट, ग्रंथालयाचे ते एक कपाट, संध्याकाळी दिवे लागताना भिंतीवर धावणाऱ्या पाली, हे सगळे पंचेचाळीस दिवस आपल्यावाचून इथेच राहणार, या विचाराने तो रात्री त्या खाटेवर उशिरापर्यंत जागा राही. आणि त्याच वेळी त्याला आई हवी होती. इतकी हवी होती की जेवताना तिची आठवण आली, तर तो हातातला घास खाली ठेवी.

अडचण अशी होती, की सगळे घरी निघाले होते आणि अजयला घरी जाता येत नव्हते. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांची कातकऱ्यांची वाडी होती. तिथे त्यांचे कुडाचे घर होते आणि त्या घराच्या दाराला दिवाळीपासून तार गुंडाळलेली होती. बाप पोश्या, आई मंगळी आणि धाकटी ललिता कल्याणच्या अलीकडे नदीकाठच्या वीटभट्टीवर होते. पाऊस पडला की भट्टी थांबे, भट्टी थांबली की माणसे वाडीवर परतत, आणि माणसे परतत तेव्हा अजयची शाळा सुरू झालेली असे. गेल्या तीन वर्षांत ते चौघे मिळून आपल्या घरात एक दिवसही राहिले नव्हते. आई होती तिथे घर नव्हते, घर होते तिथे आई नव्हती. आणि सुट्टी त्या दोहोंच्या मधल्या जीपच्या टपावर निघून जाई.

म्हणून अजयने जे नव्हते ते लिहिले. तीन दिवस तो व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसून लिहीत होता. पंचेचाळीस दिवस त्याने सगळ्यांना वाडीवर आणून ठेवले. कुठे करवंदे पिकली, कुठे गडाच्या कड्यावर ढग अडकला, कुठे बापाने वेळूची बासरी केली. सतरा मेच्या पानावर तो सर्वांत जास्त वेळ थांबला. त्या पानावर त्याने लिहिले :

'आज आम्ही सगळे घरी होतो. बाने छपर शाकारले. आईने तांदळाच्या भाकऱ्या व सुकटीची चटणी केली. दुपारी आंब्याच्या सावलीत बसून सगळे जेवलो. ललिताने तीन आंबे खाल्ले. आज कोणी कुठे गेले नाही.'

बुधूने पाठीमागून डोकावून ते वाचले. "अज्या, ही कुनाची आई रे?"

"माझी."

"तुझी तर भट्टीवर हाय."

"तीपण माझीच."

"मंग तुझं बरं हाय," बुधू म्हणाला. "आमाला एक मामा, तो पन एकोनचाळीस जनांत."

तपासणीच्या दिवशी मॅडम वेळेवर आल्या, हा पहिला धक्का. त्यांनी वरची वही उघडली, ते अपेक्षितच होते; पण त्यांनी ती वाचायला घेतली, हा दुसरा धक्का. अकरा पाने वाचून झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले.

"आज तारीख काय?"

"तीस एप्रिल, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या ध्यानात आले. गेला आठवडाभर शाळेतल्या अकरा शिक्षकांपैकी एकाच्याही ध्यानात जे आले नव्हते, ते त्यांच्या कपाळावर घामाच्या रूपाने प्रकट झाले.

"आणि ही वही चौदा जूनपर्यंत भरलेली आहे."

छताचा पंखासुद्धा अपराध्यासारखा फिरू लागला. पष्टे सरांनी आपल्या बुटांकडे पाहिले, जणू आता तेच काहीतरी सुचवतील.

"वा!" मॅडम म्हणाल्या.

कोणीही श्वास सोडला नाही.

"गेली अकरा वर्षं मी शाळाशाळांतून नियोजन, नियोजन म्हणून घसा कोरडा करते आहे. शिक्षकांना पुढच्या सोमवारचं नियोजन सांगता येत नाही. आणि इथे एका मुलानं पंचेचाळीस दिवसांचं लिहून ठेवलंय! कोणत्या दिवशी काय जेवणार तेसुद्धा!"

"आमच्या शाळेचा नवोपक्रम आहे, मॅडम," मुख्याध्यापकांना कंठ फुटला.

मॅडमनी सतरा मेचे पान मोठ्याने वाचले. शेवटच्या वाक्यापाशी त्या जरा थांबल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांचाही मुलगा कुठे दूर शिकत असावा. मग त्यांनी चष्मा सारखा केला. "खात्याचा 'कुटुंबासोबत एक दिवस' असा उपक्रम आहे. जिल्ह्यातून एकही धड फोटो आलेला नाही. सगळे वर्गातच चटई टाकून काढतात. या मुलाचा सतरा मेचा फोटो मला हवा. त्याच्या घरून. सगळं कुटुंब, छपर, भाकऱ्या, आंबे, जसं लिहिलंय तसं. ॲपवर टाका." आणि त्यांनी आपल्या मोबाइलवर त्या पानाचे छायाचित्र काढून घेतले.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर अजयला कार्यालयात बोलावणे आले. मुख्याध्यापक, पष्टे सर आणि कपाटाला टेकलेला शिपाई गोमा असे तिघे होते.

"आईवडील घरी असतात ना रे तुझे?"

"नाय सर. भट्टीवर."

"सतरा मेला?"

"पाऊस पडंपर्यंत."

"मग असं कसं लिहिलंस?"

अजयने मान खाली घातली. तो म्हणाला, "सरांनी मनानं लिही सांगितलं."

मुख्याध्यापकांनी पष्टे सरांकडे पाहिले. "मनानं म्हणजे इतकं?"

"पान बदलू या का, सर?"

"मॅडमनी फोटो काढलाय. पान आता बदलत नाही. कुटुंबच बदलायला हवं."

"मी सांगू का सर," गोमा म्हणाला, "आई-बापाला एक दिवस उचलून घरी नेऊन ठेवा. फोटो काढा, परत भट्टीवर सोडा. आपन झेंडावंदनाला खुर्च्या आनतो तसं."

गोमाचे म्हणणे त्या शाळेत क्वचितच डावलले जाई. तेथल्या तेथे भट्टीच्या मुकादमाच्या नावे पत्र तयार झाले. 'शासकीय उपक्रमाकरिता सदर दांपत्याची आवश्यकता असून, उपक्रम पूर्ण होईपर्यंत त्यांस कामातून मुक्त करावे.' खाली गोल शिक्का. अक्षर सुंदर असल्यामुळे पत्र अजयनेच लिहिले. लिहिताना त्याचे कान तापले होते. आपण खोटे लिहिले आणि आता सगळी शाळा ते खरे करायला धावते आहे, याची त्याला भयंकर लाज वाटत होती. आणि त्या लाजेच्या खालून, दगडाखालून झरा यावा तसा, एक चोरटा आनंद सारखा वर येत होता. आई एक दिवस घरी येणार होती.

दुसऱ्या दिवशी पोश्या त्याला न्यायला आला, अंगठा उठवून मुलगा ताब्यात घेतला आणि भट्टीवर घेऊन गेला. तिथली खोपी कच्च्या विटांची, कमरेइतकी उंच. आत जाताना वाकावे लागे आणि आत गेल्यावरही वाकूनच राहावे लागे. आईने चिखलाचे हात कोपरापर्यंत धुतले, तरी कुरवाळताना त्याच्या गालावर तिची मातकट बोटे उमटली. आठवडाभर अजयने वहीचे नाव काढले नाही. आठव्या दिवशी दुपारी, विटा उलटायच्या आधी ती क्षणभर टेकली, तेव्हा त्याने सगळे सांगून टाकले.

मंगळी आधी घाबरली, मग हसत सुटली. "म्हंजे मी घरी असते? वहीत?"

"हां."

"आन् काय करते?"

"सतरा तारखेला भाकऱ्या करतेस."

"आन् सोळाला?"

"पानी आनतेस. लांबच्या विहिरीवरनं."

"आन् अठराला?"

अठराला ती लाकडे आणत होती. एकोणिसाला घर सारवत होती. त्याने मनातल्या मनात सगळी पाने उलटून पाहिली. पंचेचाळीस दिवसांत त्याने बापाला बासरी दिली होती, ललिताला नदी दिली होती, गडाला ढग दिला होता. आईला नुसती कामे दिली होती.

"बरी सुट्टी लिवलीस रे माझी," मंगळी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते त्याला लागले.

सतरा मेला पहाटेच पष्टे सर भाड्याची जीप घेऊन भट्टीवर हजर झाले. मुकादम देवरामने पत्र दोनदा वाचले. शिक्क्यावरून बोट फिरवले.

"शासकीय काम? आन् ह्या पोश्याकडं?"

"वरून आलंय," सर म्हणाले.

"किती टाइम लागंल?"

"एकच दिवस."

"हितं तर लिवलंय, पूर्न होईपर्यंत."

"ती भाषा असते हो."

मुरबाडच्या बाजारात जीप थांबवून सरांनी अर्धा डझन आंबे, एक फुलाफुलांची चादर आणि सुकटीची पुडी घेतली. वाडीवर पोचले तेव्हा ऊन चढले होते. सगळ्या दारांना तारा होत्या. फक्त म्हातारी ठकी, जिला आता कोणतीच भट्टी घेत नव्हती, ती आपल्या ओट्यावर बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले.

"आगो मंगळे, पाऊस पडला का गो?"

"नाय गो आजी. मास्तर आला."

"मास्तर आल्यावर पन भट्टी थांबते का आता? बरं झालं!"

पोश्याने दाराची तार सोडवली. आत सहा महिन्यांचा अंधार आणि उंदरांचा वास होता. मंगळी उंबऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. अजयला वाटले, तिने काहीतरी बोलावे. पण सरांनी वहीतल्या पानाची प्रत खिशातून काढली होती.

"पोश्या, तू वर. छपर शाकारायचं."

"सर, त्याला पेंढा लागतो. एक दिवसात व्हत बी नाय."

"मूठभर घे कुठूनतरी. फोटोत मूठभरच दिसतो. मंगळीबाई, भाकऱ्या. ललिता, आंबे. अगं, अगं! आत्ताच कशाला खातेस? फोटो व्हायचाय अजून!"

"वहीत लिवलंय," ललिता रस पुसत म्हणाली.

"वहीत तीन लिहिलेत. हा तुझा चौथा आहे!"

शेवटी सगळे आंब्याखाली आले. पोश्या मुठीत पेंढा घेऊन, मंगळी परातीत चार भाकऱ्या घेऊन, ललिता चिकट हातांनी, आणि मध्ये अजय. सर मागे मागे सरकत म्हणाले, "नैसर्गिक दिसा! कोणी बघत नाहीये असं समजा!" आणि त्यांनी बटण दाबले. अजयला कोणी बघितले की तो डोळे मिटत असे. ते त्याच्या स्वभावातच होते.

वाडीवर मोबाइलला रेंज नव्हती. सर जीप घेऊन खिंडीपलीकडे गेले आणि दोन तासांनी आंबट तोंडाने परतले.

"विद्यार्थ्याचे डोळे मिटलेले आहेत, फेरसादर करा, असं सांगतंय ते ॲप. भाकऱ्या करपलेल्या चालतात त्याला, डोळे मिटलेले चालत नाहीत. आणि दिवसाला एकदाच घेतं. सात दिवसांची मुदत देतं म्हणे दुरुस्तीला. आता उद्या सकाळी येतो."

"म्हंजे आमी हितंच ऱ्हायाचं?" पोश्याने विचारले.

"उपक्रम पूर्ण होईपर्यंत," सर खिन्नपणे म्हणाले.

जीप गेली. धूळ खाली बसली. आणि मग, वहीत कुठेच लिहिलेली नव्हती अशी संध्याकाळ झाली. कोणी सांगितल्यावाचून मंगळीने अंगणाचा एक कोपरा झाडला आणि बाकीचा तसाच ठेवून ती ठकीच्या ओट्यावर जाऊन बसली. दोघी कुणाच्यातरी लग्नाची गोष्ट काढून इतक्या हसल्या, की ललिता पळत बघायला गेली. गडाचा माथा आधी तांबूस झाला, मग जांभळा. अजय दारात बसून होता. जे आपण शब्दांत मांडले होते त्यातले काहीच घडत नव्हते. त्याहून साधे, त्याहून ओबडधोबड काहीतरी घडत होते, आणि त्याला सुंदर अक्षराची मुळीच गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर आले, सगळे पुन्हा आंब्याखाली उभे राहिले, सरांनी "एक, दोन" म्हटले, आणि तीन म्हणायच्या आत अजयने डोळे घट्ट मिटले. या वेळी ते स्वभावाने मिटले नव्हते. आयुष्यात त्याने मोठ्या माणसाचे न ऐकण्याची ती पहिलीच वेळ होती. सरांनी फोटो न बघताच खिंड गाठली आणि तासाभरात ॲपचा तोच नकार घेऊन ते परतले.

त्या दुपारी मंगळी झोपली. भर दुपारी, दाराच्या वाऱ्याला, फुलाफुलांच्या चादरीवर, हात उशाला घेऊन. आई दिवसा झोपलेली अजयने कधी पाहिली नव्हती. तिच्या तळपायांच्या भेगांत विटांची लाल माती बसली होती. तिला जाग येऊ नये म्हणून तो पाय न वाजवता अंगणात फिरला. पोश्याला मात्र स्वस्थ बसवत नव्हते. रिकामे हात त्याला सोसत नसत. तो कुठून कुठून पेंढा गोळा करून खरोखरच छपरावर चढला होता आणि वरून बडबडत होता.

"एक दिस निराळा. दोन दिस म्हंजे मुकादम दुसरं जोडपं बगंल. भट्टी लावायची येळ हाय ही. त्या मास्तरला काय, तो फोटो काडतो." मग त्याने खाली वाकून अजयकडे पाहिले. "आन् तुला रे काय व्हतं डोळं उघडं ठेवाया? वर्गात बी असाच झोपतोस काय?"

ती रात्र अजयने कूस बदलत काढली. बाप म्हणतो ते खरे होते. शिक्क्याची जरब मुकादमावर किती दिवस चालणार? भट्टीवरची जागा गेली, तर पाऊस पडेपर्यंत ही माणसे काय करणार? आपल्याला आई हवी म्हणून आपण दोनदा डोळे मिटले; एकदा नकळत, एकदा जाणून. तिसऱ्यांदा मिटले, तर ती चोरी होईल. पहाटेपर्यंत त्याने ठरवले, की उद्या डोळे उघडे ठेवायचे. ठरवल्यावर त्याला हलके वाटायला हवे होते. तसे ते वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी पष्टे सर मोटारसायकलवरून आले, कारण जीपवाल्याने हात जोडले होते. दोन दिवसांच्या उन्हाने ते करपले होते. सरही आता शहाणे झाले होते. खिंडीपर्यंत जाण्याआधी इथेच फोटो मोठा करून बघायचा, असे ते घरूनच ठरवून आले होते. सगळे आंब्याखाली उभे राहिले. पेंढा, परात, आंब्याची शेवटची कोय.

"अजय, बाळा," सर जवळजवळ विनवत म्हणाले, "डोळे."

अजयने डोळे उघडे ठेवले. समोरच्या त्या काळ्या काचेकडे त्याने पापणी न लववता पाहिले. पाणी आले, तरी पाहिले. सरांनी बटण दाबले. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाशी धरला आणि दोन बोटांनी एकेक चेहरा मोठा करत गेले.

"अजय, उत्तम. वा! पोश्या, ठीक. ललिता, तोंड बरबटलंय, पण चालेल, नैसर्गिक आहे." बोटे थांबली. "मंगळीबाई, तुमचे डोळे मिटलेले आहेत."

अजयने मान वळवून आईकडे पाहिले. ती परात छातीशी धरून सरळ उभी होती.

"ऊन लागलं, सर," मंगळी म्हणाली.

"तुम्ही सावलीत उभ्या आहात."

"सावलीतलं लागलं."

ओट्यावरून ठकी तोंडाला पदर लावून खुदखुदली. सरांनी परातीकडे पाहिले, अंगणाच्या झाडलेल्या कोपऱ्याकडे पाहिले, उघड्या दारातून दिसणाऱ्या चादरीकडे पाहिले. मग त्यांनी पोश्याकडे पाहिले, कारण तोच आता काहीतरी बोलेल आणि बायकोला दटावेल, अशी त्यांना आशा असावी. पोश्या वर, छपराकडे बघत होता.

"पुन्हा काढायचा का?" अजयने हलक्या आवाजात विचारले. सर समोर असताना तो आपण होऊन काही बोलल्याचे कोणाला आठवत नव्हते.

सरांनी मोबाइल खिशात टाकला. "दिवसाला एकदाच घेतं ते ॲप," ते म्हणाले, जरी अजून त्यांनी ॲपकडे काही पाठवलेच नव्हते. मोटारसायकल वळवून, तिला लाथ मारून ते पुढे म्हणाले, "उद्या येतो."

ते पाणंदीच्या वळणापर्यंत पोचले, तेव्हा मागून पोश्याची हाक आली.

"सर! उद्या येनारच तर सुतळीचा येक गुंडा आना! ह्या अंगाचं छपर बांधायचं ऱ्हायलंय!"